रस्त्यावर येणे

मराठीत 'रस्त्यावर येणे' म्हणजे निराधार होणे आणि 'रस्त्यावर उतरणे' म्हणजे आंदोलन करणे. केवळ फिरायला, खेळायला, चार माणसांना भेटायला रस्त्यावर येण्यासाठी रुळलेला वाक्प्रचार आम्हांस तरी आठवत नाही. भाषेतील ही उणीव आपल्या नागरी जीवनाविषयी बरेच काही सांगून जाते.

११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनमुक्त ठेवून 'पादचारी दिन' साजरा केला. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना मोकळे करून देण्यास आरंभ केला. अशा प्रसंगी 'रस्ता वाहतुकीसाठी बंद' अशी सूचना वाचावयास मिळते. वस्तुतः त्या दिवशी रस्ता अधिक लोकांसाठी उघडलेला असतो. मात्र चालणे आणि सायकल चालवणे ही वाहतूकच नव्हे, असे या सूचनेने गृहीत धरलेले असते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याला तर हे मुळीच शोभत नाही.

रुग्णवाहिका कशी जाणार, व्यापाऱ्यांनी काय करायचे, हे आक्षेप रास्तच आहेत आणि त्यांची तजवीज आधी व्हायला हवी. परंतु ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा, किंवा लक्ष्मी रस्त्यावरून विसर्जनाची मिरवणूक निघते तेव्हा हेच शहर वाहने वळवते, गैरसोय सोसते. म्हणजे अशी व्यवस्था आपल्याला अशक्य नाही. श्रद्धेसाठी जी तडजोड आपण आनंदाने करतो, ती आजीआजोबांच्या फेरफटक्यासाठी किंवा मुलांच्या खेळासाठी करण्याची आपली तयारी नसते, एवढेच.

कोलंबियातील बोगोता शहरात १९७४ साली सुरू झालेला 'सिक्लोव्हिया' हा उपक्रम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तेथे दर रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते चालणाऱ्यांचे व सायकलस्वारांचे असतात. त्याचे बळ त्याच्या नियमितपणात आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या दिवसाला व्यासपीठ लागते, पाहुणे लागतात, भाषणे लागतात. दर आठवड्याला येणाऱ्या दिवसाला यांपैकी काही लागत नाही, लोक आपोआप येतात.

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की पादचाऱ्याला वर्षातून एकदा सत्कारमूर्ती करू नये. त्याला ठरलेला एक रविवार द्यावा आणि उरलेल्या दिवशी निदान सलग, मोकळा पदपथ द्यावा.