कणांची पैसेवारी

महसूल खात्याच्या कारकुनींत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास सरासरी किती फसवी असते हें सांगावें लागत नाहीं. गांवाची पैसेवारी पन्नासांवर गेली, कीं बांध फुटून खारें पाणी शिरलेल्या खाचराचा धनीहि कागदावर सुखी ठरतो.

औषधांच्या कणांचेंहि असेंच आहे. हल्लीं कीडनाशक सूक्ष्म कवचांत कोंडून हळूहळू सोडण्याची युक्ति प्रचारांत आहे. परंतु ढवळून केलेल्या मालांत कण लहानमोठे निघतात. दुप्पट व्यासाच्या कणांत औषध आठपट मावतें, व एकजिनसी कणांतून तें झिरपण्यास सुमारें चौपट काळ लागतो. बारीक कण लवकर रिते होतात; जाड कण कीड सरल्यावरहि औषध सोडीत राहतात, आणि तें पाण्याबरोबर खाडीच्या मासळीपर्यंत जाऊं शकतें. वेष्टनावरील सरासरी मात्र बिनचूक!

यावर उपाय निघाला आहे. केसासारख्या बारीक नलिकांच्या चौकांत दोन्ही बाजूंनीं तेल येऊन पाण्याच्या धारेस चिमटा घेतें, व एकसारखे थेंब तुटतात. ते घट्ट केले कीं समान कण तयार. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत सूक्ष्म नलिकांतून अखंड प्रवाहानें पदार्थ बनविण्याचें काम झालें आहे.

कोणी म्हणेल, एका नलिकेंतून तासास थोडे मिलिलिटरच माल निघतो. खंडीभर हवा तर हजारों नलिका शेजारीं शेजारीं लावाव्या लागतील. आक्षेप खरा आहे. म्हणून खतासाठीं हा हट्ट नको. भातास डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्रींतील युरिया-डीएपीची गोळी पुरे. चार चुडांच्या मध्यें एक, ५ ते ७ सेंटिमीटर खोल खोंचावी; गोळी सारख्या वजनाची, म्हणून न्यायहि सारखा. परंतु बीजप्रक्रिया व कीडनाशक यांत मात्रा अल्प आणि चूक महाग. तेथें समान कणांचा खर्च विचारांत घेण्याजोगा आहे.

१९७० पासून नव्या मुंबईसाठीं आपल्या तालुक्यांतील पुष्कळ जमीन गेली. उरलेल्या गुंठ्यांत चुकीच्या मात्रेस जागा नाहीं. यास्तव मंडळानें दोन मागण्या कराव्या: वेष्टनावर सरासरीबरोबर कणाचा लहानांत लहान व मोठ्यांत मोठा व्यास छापावा; आणि पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें असा माल आपल्या खाऱ्या मातींत पारखून पहावा. पारख झाल्यावांचून गांठ सोडूं नये, हीच शेतकरीबंधूंस विनंति.