आकडा वाढला तर घाबरू नका

गेल्या महिन्यात आपल्या केंद्रात किती जणांना नवा बेडसोर झाला? किती जण पडले, आणि त्यांतले किती रात्री दहा ते पहाटे सहाच्या दरम्यान पडले? अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे शुश्रूषा केंद्र चालवणाऱ्यांना हे विचारले, की बहुधा उत्तर येते, ‘आमच्याकडे तसं काही होत नाही.’ खाटा किती भरल्या, थकबाकी कुणाची, डायपरचा साठा किती दिवस पुरेल, हे मात्र त्याच टेबलावर क्षणात सांगता येते.

पक्षाघात, डिमेन्शिया, मोडलेले खुबे, कॅथेटर आणि राइल्स ट्यूब असलेले पंचवीस-तीस जण जिथे राहतात, तिथे महिनोन्‌महिने कुणीच पडत नसेल, तर दोनच शक्यता उरतात. एकतर ते केंद्र असामान्य आहे किंवा तिथे पडणे लिहिले जात नाही. दुसरी शक्यता अधिक, हे या व्यवसायातल्या कुणालाही ठाऊक आहे.

कायदा सक्ती करील तेव्हा पाहू, असे म्हणत थांबण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ याच्या व्याख्येत आजारी आणि जखमी माणसांबरोबर दुर्बलांना ठेवून उपचार-शुश्रूषा देणारी जागाही बसते. प्रत्यक्षात त्याची अंमलबजावणी मुख्यतः छोट्या रुग्णालयांभोवती फिरते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्याने वृद्धाश्रमांचे निकष ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. देखभाल केंद्रांच्या नोंदणीची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आले, पण त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत मंजूर झाले नाही. अमेरिकेत १९८७च्या कायद्याने अशा केंद्रांतल्या प्रत्येक निवासीची ठरावीक नमुन्यात तपासणी आणि नोंद बंधनकारक केली. आपल्याला तेवढा मोठा पसारा नको. चार गोष्टी मोजल्या तरी पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट कातडीची. अंघोळ किंवा स्पंजिंग करताना माकडहाड, खुबे आणि टाचा रोज पाहायच्या. दाबूनही न मावळणारी लाली दिसली की त्याच दिवशी लिहायची. कोणाला धोका जास्त, हे ठरवण्यासाठी १९८७पासून वापरात असलेली ब्रेडन मोजपट्टी पुरेशी आहे. गुण १८ किंवा त्याखाली आले, की कूस बदलण्याचा तक्ता खाटेला लागला पाहिजे. एअर बेड घेतला म्हणजे कूस बदलायला नको, हा समज अनेक केंद्रांत पक्का बसला आहे. तो आधी काढावा लागेल.

दुसरी गोष्ट पडण्याची. कोण पडले यापेक्षा कधी, कुठे आणि कोणत्या गोळीनंतर पडले, हे लिहिले तर कारण हाती लागते. तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या, की रात्रीची लघवी, संडासाकडे जाणारी गुळगुळीत फरशी आणि झोपेची गोळी यांची सांगड दिसू लागते. मग संध्याकाळच्या लघवीच्या गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येते. तोपर्यंत कुणाला सुचलेलेही नसते.

तिसरी गोष्ट वजन आणि तोंड. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरले, तर ते म्हातारपण म्हणून सोडून द्यायचे नाही. कवळी बसत नाही, भरवायला वेळ नाही की गिळताना ठसका लागतो, हे शोधायचे. भरवताना माणूस ताठ बसलेला हवा आणि नंतर अर्धा तास तसाच राहायला हवा. जपानमधल्या अकरा शुश्रूषा केंद्रांत दोन वर्षे चाललेल्या अभ्यासात, जेवणानंतर दात-तोंड नीट स्वच्छ केलेल्या वृद्धांपैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, तर इतरांमध्ये १९ टक्क्यांना. एवढा फरक पाडणारे साधन म्हणजे टूथब्रश आणि तो नेमाने फिरवणारा हात.

चौथी गोष्ट बांधणे, दोरीने किंवा गोळीने. राइल्स ट्यूब ओढतात म्हणून हात खाटेला बांधले जातात, रात्री ओरडतात म्हणून गुंगीचे औषध वाढवले जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ९७ने मनोरुग्ण सांभाळणाऱ्या संस्थांना बजावले आहे, की केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून कुणाला बांधता येणार नाही. आपली संस्था त्या कायद्याखाली येवो न येवो, हे तत्त्व आपल्याला लागू आहेच. मनोविकारांवरची नवी औषधे डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५मध्येच दिला. म्हणून प्रत्येक बांधणे आणि प्रत्येक वाढीव गोळी यापुढे कारण, वेळ आणि सहीसह नोंदवली जावी.

आता हे लिहिणार कोण? कूस मावशी बदलतात, भरवतात मावशी, लालीही आधी त्यांनाच दिसते. त्या बहुधा ब्यूरोकडून आलेल्या, बारा तासांच्या ड्युटीवर असतात, आणि आजी पडल्याचे सांगितले तर आपली नोकरी जाईल, अशी भीती त्यांना असते. ती भीती आहे तोवर वही कोरीच राहील. तेव्हा चालकांनी दोन गोष्टी जाहीरपणे सांगाव्यात. इजा सांगणाऱ्याला शिक्षा नाही, लपवणाऱ्याची मात्र चौकशी होईल. मराठी लिहिणे जमत नसेल तर खुणांचा तक्ता द्यावा. ड्युटी बदलताना सिस्टरने दहा मिनिटे मावशींचे ऐकावे आणि ते स्वतः लिहून घ्यावे.

नातेवाईकांनाही त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. वडील पडल्याचे चार दिवसांनी काळ्यानिळ्या डागावरून कळले, तर त्यांचा विश्वास कायमचा उडतो. त्याच दिवशी कळले तर ते चिडतील, भांडतील, पण पुढच्या वेळी केंद्राच्या शब्दावर विसंबतील.

नोंद सुरू झाल्यावर पहिल्या तिमाहीत आकडे वाढतील. बेडसोर दुप्पट झाल्यासारखे दिसतील, कारण आजवर झाकलेले आता मोजले जात असेल. इथेच बरेच चालक दचकून वही बंद करतात. तसे करू नये. वाढलेला आकडा माणसे खरे सांगू लागल्याचे लक्षण आहे. तो खाली आणण्याचे काम त्यानंतरचे, आणि त्यासाठी रात्रपाळीला एक माणूस जास्त ठेवावा लागेल, हे बहुतेक केंद्रांत लवकरच उघड होईल. त्याचा खर्च मासिक शुल्कात धरावा आणि तो कशासाठी आहे, हे नातेवाइकांना आकड्यांसह सांगावे.

येत्या एक तारखेपासून एक वही, चार रकाने आणि महिनाअखेर तासाभराची बैठक, एवढीच सुरुवात करावी. तीन महिन्यांचे आकडे या मासिकाकडे पाठवणाऱ्या केंद्रांचे अनुभव आम्ही नाव न देता छापू. ज्यांचे आकडे वाईट असतील, त्यांनी आधी पाठवावे.