द्वंद्व की तत्पुरुष? : ‘संस्कृती आणि पर्यटन’ या मंत्रिपदाचा समास

संस्कृती आणि पर्यटन ही खाती एकाच मंत्र्याकडे असावीत की नसावीत, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत येत नाही, असे मत आपल्याकडील अनेक जाणकार बाळगून असतात. खातेवाटप ही राजकीय सोय आहे, तीत अर्थ शोधू नये, असे त्यांचे म्हणणे. कवितेतील एका अव्ययावर चाळीस पृष्ठे खर्च करणाऱ्यांनी शासनाच्या संहितेतील ‘आणि’ मात्र निरर्थक मानावा, हे आश्चर्याचे आहे. या टिपणाचा रोख त्या ‘आणि’वरच आहे. वरवर पाहता हा इतरेतर द्वंद्व आहे. दोन्ही पदे समान महत्त्वाची. व्यवहारात मात्र त्याचा विग्रह ‘पर्यटनासाठी संस्कृती’ असाच होत आला आहे. म्हणजे हा तत्पुरुष आहे, आणि प्रधान पद कोणते याविषयी शासनाला कधी शंका पडलेली दिसत नाही.

हा समास जुना नाही. स्वातंत्र्यानंतर संस्कृतीचा संसार शिक्षणाबरोबर होता. संगीत नाटक अकादमी (१९५३), साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी (१९५४) या संस्था मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालय निर्माण झाले तेव्हाही संस्कृती विभाग त्याच्याच छत्राखाली राहिला. पर्यटनाची सोयरीक वेगळ्या घराण्याशी होती. डॉ. करणसिंह १९६७ मध्ये मंत्री झाले ते ‘पर्यटन आणि नागरी विमान वाहतूक’ या खात्याचे. विमान आणि प्रवासी ही जोडी निदान प्रामाणिक तरी होती. शतकाच्या अखेरीस संस्कृती शिक्षणाच्या घरातून बाहेर पडली आणि २००१ ते २००४ या काळात जगमोहन ‘पर्यटन आणि संस्कृती’ मंत्री होते. पुढे अंबिका सोनी, काही महिने गोव्याचे श्रीपाद नाईक, मग महेश शर्मा, प्रल्हादसिंह पटेल, जी. किशन रेड्डी आणि २०२४ पासून गजेंद्रसिंह शेखावत. मध्ये खंड पडले, नाही असे नाही. २००४ नंतर काही काळ संस्कृती जयपाल रेड्डी यांच्याकडे माहिती व प्रसारणाबरोबर होती (म्हणजे पर्यटनातून सुटली ती प्रचाराच्या दारी गेली), तर २००९ नंतर काही काळ ती स्वतः पंतप्रधानांकडे होती. आज कागदोपत्री मंत्रालये दोन आहेत. ‘आणि’ हे अव्यय मंत्र्याच्या देहात वस्तीला आले आहे. पक्ष कोणताही असो, समास टिकतो. म्हणूनच त्याला केवळ सोय म्हणता येत नाही.

यावर आंद्रे मालरोचे नाव हमखास पुढे केले जाते. १९५९ ते १९६९ अशी दहा वर्षे फ्रान्सचा सांस्कृतिक व्यवहार मंत्री असलेला हा कादंबरीकार. त्याच्या खात्यात पर्यटन नव्हते. असा मंत्री आपल्याला मिळाला तर सर्व प्रश्न सुटतील! ही भाबडी समजूत आहे. ऐतिहासिक वस्त्यांना संरक्षण देणारा १९६२ चा कायदा ही मालरोची मोठी कामगिरी, यात शंका नाही. परंतु त्याच मालरोने १९६२ च्या अखेरीस मोनालिसा अटलांटिकपार पाठवली आणि १९६३ मध्ये अमेरिकी जनसमुदाय तिच्यासमोरून रांगेने सरकत गेला. संस्कृती म्हणजे थोर कृतींचे दर्शन, ही कल्पना मालरोचीच. दर्शनाच्या रांगेपासून तिकिटाच्या रांगेपर्यंतचे अंतर फारसे नसते. तरुणपणी, १९२३ मध्ये, कंबोडियातील बांतेय स्रेई मंदिराची शिल्पे काढून नेताना हाच लेखक पकडला गेला होता आणि त्याला शिक्षाही झाली होती. त्याच्या चारित्र्यावर डाग म्हणून हे सांगत नाही. शिल्प आपल्या जागेवरून आणि आपल्या भाषेतून उचलता येते, हा विश्वास चोराला, संग्राहकाला आणि संस्कृतिमंत्र्याला समान असू शकतो, एवढेच त्यातून दिसते.

जोडखात्याचा दुष्परिणाम बातम्यांत दिसत नाही, कारण तो अभावाच्या रूपात असतो. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याचा गाभा संरक्षण हा आहे; २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवतीचे शंभर मीटर प्रतिबंधित केले. पर्यटन खात्याचे यश मात्र आगमनांच्या आकड्यांत मोजले जाते. या दोन दृष्टींत भांडण अटळ आहे, आणि ते हितकारकही आहे. दोन मंत्री असतील तर ते पत्रव्यवहारात उमटते, टिपणीत नोंदले जाते, उद्याच्या संशोधकाला उपलब्ध होते. मंत्री एकच असेल तर ते त्याच्या मनातल्या मनात मिटते. २०१७ च्या ‘वारसा दत्तक’ योजनेच्या वेळी मंत्री दोन होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही योजना जाहीर केली ती पर्यटन मंत्रालयाने, जागतिक पर्यटनदिनी, आणि २०१८ मध्ये लाल किल्ला एका सिमेंट उद्योगसमूहाकडे पाच वर्षांत पंचवीस कोटींच्या बोलीवर ‘दत्तक’ गेला. दत्तक हा शब्द येथे किती निरागसपणे योजला आहे! दत्तक गेलेल्याचे कुलनाम बदलते, हे धर्मशास्त्र आपण विसरलो.

साहित्याचा संबंध येथे येतो. प्रत्येक संहितेला अभिप्रेत वाचक असतो. या मंत्रिपदाच्या संहितेला अभिप्रेत असलेला वाचक भाषा न जाणणारा, घाईतला, पुन्हा न येणारा आहे. त्याला वाचायचे नाही, पाहायचे आहे. नृत्य, किल्ला, वस्त्र, खाद्यपदार्थ या गोष्टी त्याला दाखवता येतात. कादंबरी दाखवता येत नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात साहित्यिक अकादमीचे पुरस्कार परत करू लागले तेव्हा, लिहिता येत नाही म्हणणाऱ्यांनी आधी लिहिणे थांबवावे, मग पाहू, अशा आशयाचे उद्गार तत्कालीन संस्कृती व पर्यटन राज्यमंत्र्यांनी काढले. त्यावर उद्धटपणाची टीका पुष्कळ झाली. प्रस्तुत लेखकाला त्यात उद्धटपणापेक्षा सुसंगती अधिक दिसते. ताजमहाल आठवडाभर बंद राहिला तर त्या खात्याचे आकडे घसरतात. लेखक थांबला तर कोणताही आकडा हलत नाही.

आपणही या दृष्टीपासून मुक्त नाही. ‘संस्कृती’ हा शब्द आपल्याला पॅरिसमध्ये १९२२ च्या सुमारास एका महाराष्ट्रीय मित्राकडून मिळाला आणि रवींद्रनाथांनी तो पसंत केला, असे सुनीतिकुमार चटर्जी यांनी नोंदवले आहे. ज्या शब्दाची निर्यात आपण अशी केली, त्याचा अर्थ मात्र आपण आता दिल्लीहून आयात करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. ही प्रक्रिया संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतली, आणि प्राचीनता हा तिचा प्रमुख निकष. म्हणजे भाषेने स्मारक व्हावे, ही पूर्वअट. आपण पुरावे जमवले, जल्लोष केला, पण या निकषाची चिकित्सा कितीजणांनी केली? देशीवादाचा ध्वज उंच धरणाऱ्यांनीही फार केली नाही. त्यांचे ‘देशी’ एव्हाना कृषिपर्यटनाच्या हुरड्यात सामील झाले आहे. असो.

त्या पुराव्यांतला एक नाणेघाटातील नागनिकेचा लेख. पावसाळ्यात तेथे गर्दी लोटते, धुके आणि कडा यांची छायाचित्रे निघतात. लेणीतील ब्राह्मी अक्षरांकडे पाठ करून बहुतेक जण दरीकडे पाहत उभे असतात. तो लेख वाचू शकणारे विद्यार्थी आपल्या किती मराठी विभागांत आहेत, याचे उत्तर त्या मंत्र्याने देण्याची आवश्यकता नाही. त्याचे खाते तिथे माणसे किती पोहोचली तेवढेच विचारते. दुसरा प्रश्न आपल्या खात्यावर आहे.