बोलू द्या तिला!

मैत्रिणींनो, आपल्याकडे मुलींच्या बोलण्याला एक मुदत असते. सातवीपर्यंत पोरीनं पंधरा ऑगस्टला भाषण ठोकलं की सगळं गाव कौतुक करतं. गॅदरिंगला ती जिजाऊ झाली, सावित्रीबाई झाली की आजी मीठमोहऱ्या ओवाळून टाकते. तीच पोरगी अकरावीत जाऊन म्हणाली, ‘मला नाटकात काम करायचंय, टीव्हीवर बातम्या द्यायच्यात,’ की घर एकदम गप्प होतं. ‘पुरे झाली हौस!’ एवढंच तिला ऐकू येतं.

आमच्या लोणी देवकरच्या परिसरातलीच गोष्ट. बचत गटातल्या एक ताई परवा काळजीत दिसल्या. त्यांची सोळा वर्षांची लेक शाळेत एकपात्रीत बक्षीस मिळवलेली. हल्ली तिला नवा नाद लागलाय, मोबाइलवर वस्तीची बातमी करायचा. डीपी जळाला, तेव्हा ती चार घरी जाऊन विचारून आली. लाइट किती दिवस नाही, गिरणी कधीपासून बंद, पाणी कुठून आणता? मग दोन मिनिटांत सगळं नीट सांगितलं. बायकांना फार आवडलं. पण भावकीतलं कुणीतरी म्हणालं, ‘पोरगी कॅमेऱ्यापुढं उभी राहायला लागली, आता स्थळं कशी यायची?’ झालं! वडिलांनी मोबाइल काढून घेतला. ‘मी कुणाची बाजू घेऊ?’ ताई मला विचारत होत्या.

मी म्हटलं, लेकीची घ्या. का, ते सांगते.

स्मिता पाटील आपल्या सगळ्यांना सिनेमामुळं माहीत आहे. पण तिची सुरुवात बातम्यांपासून झाली. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि सुरुवातीच्या त्या वर्षांत ही पुण्याची मुलगी तिथं मराठी बातम्या वाचू लागली. तेव्हा ती विशीचीही नव्हती. जीन्सवरच साडी गुंडाळून ती बातम्यांना बसायची, असं सांगतात. श्याम बेनेगल यांनी तिला छोट्या पडद्यावर पाहिलं आणि सिनेमात घेतलं. पुढं 1977 च्या ‘भूमिका’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. 13 डिसेंबर 1986 ला ती गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. पण ‘उंबरठा’मधली, घर सोडून महिलाश्रमाचं काम करायला जाणारी तिची सुलभा अजून विसरता येत नाही. तो सिनेमा करणारे डॉ. जब्बार पटेल आपल्या शेजारच्या दौंडला डॉक्टरी करत होते, हेही लक्षात ठेवा!

तुम्ही म्हणाल, तिचे वडील राजकारणातले, आपलं तसं कुठं? खरंय. पण तिची आई विद्याताई परिचारिका होत्या, कष्ट करणाऱ्या. आईवडील दोघंही राष्ट्र सेवा दलाचे. चार लोकांपुढं उभं राहून बोलणं, गाणं म्हणजे वाईट, असं त्या घरात कुणी शिकवलं नाही. याला कुठं पैसे लागतात?

दुसरी अडचण बोलीची. आपली पोर ‘पानी आलं नाय’ म्हणाली की शहरातले हसतात, मग तीच तोंड मिटते. ‘ती फुलराणी’ नाटक याच दुखण्यावर आहे. 1975 मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ते आणलं आणि भक्ती बर्वे यांनी त्यातली फुलवाली अजरामर केली. या भक्तीताईही दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. म्हणजे एकाच गळ्यात दोन्ही भाषा सुखानं नांदू शकतात. बातमी वाचताना ‘पाणी’ म्हणायला शिकावं, घरी ‘पानी’ म्हणायची लाज वाटू देऊ नये.

आता वडिलांची भीती. ती काही खोटी नाही. व्हिडिओ कुठं फिरेल सांगता येत नाही, खाली कुणी काहीही लिहितं. पण त्यावर तोड काढता येते. सुरुवातीला नुसता आवाज द्यावा, चेहरा नको. बारामतीला वसुंधरा वाहिनी आहे, म्हसवडला 2008 पासून माणदेशी तरंग वाहिनी आहे. ही आपल्या भागातल्या माणसांची रेडिओ केंद्रं. सुट्टीत लेकीला घेऊन एखादं बघून या. वडिलांनाही सोबत न्या! ‘पैसे भरा, चॅनेलवर घेतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा. आणि शिक्षण सोडायचं नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकायची, तर आधी पदवी हवीच.

तोवर घरी काय करता येईल? रोज दहा मिनिटं तिला पेपर मोठ्यानं वाचायला सांगा. भाकरी थापता थापता आपण ऐकायचं. कुठं श्वास तुटला, कुठलं नाव चुकलं, ते सांगायचं. ऐकीव गोष्ट आणली तर विचारायचं, ‘हे कुणी सांगितलं? दुसऱ्या कुणाला विचारलंस का?’ ही सवय लागलेली मुलगी उद्या बातम्या देवो न देवो, रेशन दुकानात, बँकेत, ग्रामसभेत आणि हो, सासरीसुद्धा, ती गप्प बसून अन्याय सोसणार नाही.

ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी कित्येक ठिकाणी सभेत बोलतात ते नवरेच. ही बोलणारी बाई ऐनवेळी कुठून आणणार? ती सोळाव्या वर्षी आपल्याच घरात तयार व्हावी लागते. तेव्हा स्थळांचं पुढं बघू. आज तिला बोलू द्या!