औषध नैसर्गिक, जोखीम कुणाची?



फळछाटणीचे दिवस जवळ आले की द्राक्षपट्ट्यातल्या औषध दुकानांच्या फळ्या नव्या बाटल्यांनी भरतात. पूर्वी त्या बाटल्यांवर 'जालीम' असे लिहिलेले असे, आता 'नैसर्गिक', 'जैविक', 'अवशेषमुक्त' असे असते. भाव मात्र जालीम औषधाचाच, कधी त्याहून जास्त. तालुक्या-तालुक्यांच्या बैठकांत आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो: हे खरे की थोतांड? आमचे उत्तर ऐकून दोन्ही बाजूंचे लोक नाराज होतात. नैसर्गिक बुरशीनाशके खरी आहेत, पण ती रोग बरा करीत नाहीत. रोग येण्याआधी पानावर असतील तरच ती कामाची.

असे का, हे समजायला भुरी आणि केवडा यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. भुरीची बुरशी पानाच्या, मण्याच्या वरच्या अंगावर पसरते. फक्त मुळांसारखे बारीक तंतू सालीत खुपसून रस ओढते. तिचे बहुतेक शरीर उघड्यावर असल्याने वरून पडलेले औषध तिला लागते. म्हणून गंधक भुरीवर चालतो, आणि म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीतल्या आंबट ताकाच्या फवाऱ्याला आम्ही हसत नाही. दुधाचा आणि निवळीचा भुरीवर काय परिणाम होतो, याचा ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात रीतसर अभ्यास झालेला आहे. गंधकाला एकच पथ्य आहे. पारा 35 अंशांच्या वर असताना तो मारू नये, पाने भाजतात.

केवड्याचे, म्हणजे ज्याला आपण डाऊनी म्हणतो त्याचे, तसे नाही. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. पानावर पावसाचे किंवा दवाचे पाणी काही तास टिकले की ते पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांपर्यंत जातात आणि आत शिरतात. पुढचे चार-सात दिवस वरून काहीच दिसत नाही. मग तेलकट डाग उमटतो, खाली पांढरी लव येते, आणि बागायतदार दुकानाकडे धावतो. त्या दिवशी जगातले कोणतेही नैसर्गिक औषध त्याला वाचवू शकत नाही, कारण शत्रू पानाच्या आत आहे आणि औषध पानाच्या बाहेर. ज्यांनी त्या दिवशी बाटली विकली त्यांना हे माहीत नव्हते, असे आम्ही मानत नाही.

केवड्यावरचे सर्वात जुने औषध रस्त्याकडेच्या चोरांमुळे सापडले. फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या मेदॉक भागात येणारे-जाणारे द्राक्षे तोडून खात, म्हणून बागायतदार रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे पाणी शिंपडीत. पाने निळी दिसली की लोक विष समजून हात लावत नसत. 1882 साली वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना दिसले की अमेरिकेतून आलेल्या केवड्याने सगळी बाग झडली तरी रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या आहेत. 1885 साली त्यांनी ही कृती जाहीर केली. तेव्हापासून आजपर्यंत केवड्याची बुरशी तांब्याला सरावलेली नाही. मेटॅलॅक्झिलसारख्या आंतरप्रवाही औषधाला मात्र ती काही वर्षांतच सरावली.

एक टक्क्याचे बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चांगला कळीचा चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत विरघळवा, मग एकत्र करा. स्वच्छ लोखंडी सळई त्यात थोडा वेळ बुडवा. तिच्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवा. कोवळ्या फुटीवर एक टक्का मारू नका, तिथे प्रमाण कमी ठेवावे लागते.

आता हिशेब. मोरचुदात चौथा हिस्सा तांबे असते. एकरी 400 लिटर एक टक्क्याचे बोर्डो म्हणजे एका फवाऱ्यात 1 किलो तांबे जमिनीच्या वाट्याला आले. युरोपीय संघाने 2018 साली तांब्याला हेक्टरी सात वर्षांत 28 किलोची मर्यादा घातली, म्हणजे वर्षाला एकरी साधारण 1.6 किलो. असे दोन फवारे झाले की आपण तिच्या बाहेर. तांबे कुजत नाही, वाहून जात नाही, मातीतच साठते. गांडुळांना ते मानवत नाही. तेव्हा 'नैसर्गिक आहे, कितीही मारा' असे सांगणाऱ्याला बांधावरून परत पाठवा.

जिवंत औषधांची कथा वेगळी. ट्रायकोडर्मा, बॅसिलस सबटिलिस, भुरीवर जगणारी अँपेलोमायसिस बुरशी, ही सगळी खरी आहेत. पण ती जिवंत असतील तर. सरकारी निकष सांगतो की ट्रायकोडर्माच्या एका ग्रॅममध्ये निदान 20 लाख जिवंत बीजे हवीत. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेल्या पुड्यात किती उरतात ते डोळ्यांना दिसत नाही. आम्ही स्वतः यात फसलो आहोत. पदवी गाठीशी असताना, एका गटाला आम्ही एका कंपनीचा ट्रायकोडर्मा सुचवला. वर्षभर वापरून झाल्यावर तपासला, तर पुड्यात निव्वळ शंखजिऱ्याची भुकटी. शेतकऱ्यांनी आम्हाला बोल लावला नाही, ही त्यांची भलाई. तेव्हापासून पुडा तपासल्याशिवाय आम्ही नाव घेत नाही. आणि चांगला पुडा मिळाला तरी तो कार्बेन्डाझिमबरोबर एका टाकीत घातला तर पैसे आपणच जाळले.

काही जण म्हणतील, मग रासायनिक औषधे पूर्ण सोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2019 मध्ये पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता, बागेत ट्रॅक्टर जात नव्हता, मारलेले औषध तासाभरात धुऊन जात होते. त्या हंगामात ज्याने घड वाचवण्यासाठी हाताला येईल ते मारले त्याला आम्ही दोष देणार नाही. बँकेचा हप्ता त्याच्या नावावर होता, उपदेशकाच्या नव्हे.

इथे खरा मुद्दा येतो. 2010 साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराईड मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ते बुरशीनाशक नव्हे, वाढ रोखणारे संजीवक. तपासणीच्या यादीतही ते नव्हते. यादी करणारे नोकरीत राहिले, फटका बागायतदाराला बसला. आज तोच बागायतदार कमी अवशेषाचा माल पिकवायला तयार आहे. त्यासाठी तो जास्त फेऱ्या मारील, जास्त मजुरी देईल, पाऊस आल्यास जास्त धोका पत्करील. पण व्यापाऱ्याच्या सौदापत्रात या जोखमीचा एक रुपयाही लिहिलेला नसतो. स्वच्छ माल हवा असेल त्याने छाटणीआधी वाढीव दर लेखी द्यावा, असे आमचे म्हणणे आहे.

शासनाकडे मागणी साधी आहे. रोगावर चालते असा दावा करणाऱ्या प्रत्येक बाटलीला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. 'वाढवर्धक' म्हणून विकायचे आणि तोंडी केवड्याची हमी द्यायची, हा धंदा कीटकनाशक निरीक्षकांनी बंद करावा. जिवंत बीजांची मोजणी जिल्ह्यातच व्हावी आणि निकाल हंगाम संपण्याआधी मिळावा. आणि पान किती तास ओले राहिले हे सांगणारे हवामान यंत्र मंडळाच्या कचेरीवर नको, बागेत हवे. नैसर्गिक औषध वेळेवर मारायचे तर ती वेळ कळली पाहिजे.

जिल्हा बैठकीला येताना गेल्या हंगामातल्या 'जैविक' औषधांच्या रिकाम्या बाटल्या, पुडे आणि पावत्या घेऊन या. पावती दिली नसेल तर दुकानाचे नाव आणि तारीख कागदावर लिहून आणा. बॅच क्रमांक आणि नोंदणी क्रमांक तिथेच वहीत उतरवून घेऊ, आणि ज्या पुड्यावर नोंदणी क्रमांकच नाही ते सगळे एका पोत्यात भरून जिल्हा कृषी अधीक्षकांच्या टेबलावर ठेवू.