लेन्स घ्यायला जाताना टॉर्च सोबत न्या

दिवाळीच्या आसपास मला हमखास फोन येतात. कधी ब्रह्मपुरीहून, कधी वडशाहून, कधी मूल-चामोर्शीकडून. "दादा, एक जुनी वाइड मिळते आहे. मॅन्युअल आहे. घेऊ का?" मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा हंगाम तोंडावर असतो, गावोगावी नाटकं लागणार असतात आणि पोरांना ती टिपायची असतात.

या फोनांचा मला फार आनंद होतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कॅमेरा म्हटला की वाघ, आणि वाघ म्हटला की हातभर लांब लेन्स, असंच ठरून गेलं आहे. ताडोब्यात मोहर्लीच्या गेटवर पहाटे उभे राहा, जिप्सीगणिक तशी एक दिसेल. पण झाडीपट्टीचा रंगमंच, मार्कंड्याच्या देवळाच्या मूर्तींनी भरलेल्या भिंती, चंद्रपूरचा परकोट, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरची मोहाची झाडं, हे सगळं जवळ जाऊन, रुंद नजरेनं पाहायचं आहे. ते आपल्याच पोरांनी टिपायला हवं. त्यासाठी जुनी, हातानं फोकस करायची वाइड लेन्स हा कमी पैशांतला चांगला मार्ग आहे. फक्त घाईनं घेऊ नका, एवढंच मागणं आहे.

पहिला प्रश्न विकणाऱ्याला नाही, स्वतःला विचारा. ती लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर वाइड राहणार आहे का? जुन्या लेन्स ३६ बाय २४ मिमीच्या फिल्मसाठी बनल्या. आपल्यापैकी बहुतेकांकडे लहान सेन्सरची बॉडी असते. निकॉनच्या अशा बॉडीवर लेन्सचा आकडा दीडपट धरायचा, कॅननच्या बॉडीवर १.६ पट. म्हणजे २८ ची लेन्स तिथे ४२ किंवा ४५ सारखी दिसते. ती वाइड उरतच नाही. उलट कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स १८ वर ठेवली की २७-२९ इतकी रुंदी मिळते. ती तुमच्याकडे आधीच आहे! म्हणून आधी पंधरा दिवस तीच लेन्स १८ वर ठेवून फिरा. मार्कंड्याला जा, बाजारात जा. रुंदी कमी पडते की नाही ते तिथेच कळेल.

कमी पडलीच, तर लहान सेन्सरवाल्यांनी फिल्मच्या काळातली २८ शोधत बसू नये. सॅमयांगची १४ मिमी एफ २.८ पाहावी. मिररलेस असेल तर त्याच कंपनीची १२ मिमी एफ २. या दोन्ही नव्या जमान्यातल्या पण हातानं फोकस करायच्या लेन्स आहेत आणि जुन्या बाजारात येत असतात. १४ ची सरळ रेघ लाटेसारखी वाकवते, त्यामुळे देवळाच्या पायऱ्या आणि भिंती टिपणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं. आकाश आणि झाडं टिपणाऱ्यांना त्याचा त्रास नाही. पूर्ण आकाराचा सेन्सर असेल तर मात्र जुन्या २४ आणि २८ मध्ये निवडायला भरपूर आहे.

मग लहान सेन्सरवर जुनी २८ कोणी घ्यावीच का? घ्यावी, पण रुंदीसाठी नाही. तिच्या फोकस रिंगसाठी घ्यावी. तिच्यावर अंतराचे आकडे कोरलेले असतात, शेवटाला ती ठाम थांबते आणि अंधारात कॅमेऱ्यासारखी चाचपडत बसत नाही. याचा उपयोग पुढे सांगतो.

दुसरा प्रश्न माउंटचा. लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीनं वेगळं ठेवलं आहे. निकॉनचं ४६.५ मिमी, कॅनन ईएफचं ४४, आणि पेंटॅक्स-झेनिटच्या जुन्या आटेवाल्या, म्हणजे एम४२ लेन्सचं ४५.४६. त्यामुळे कॅननच्या डीएसएलआरवर पातळ अडॅप्टर लावून निकॉनची लेन्सही चालते आणि एम४२ ही. निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र एम४२ लावली तर दूरचं फोकस होत नाही. ते व्हावं म्हणून काच असलेला अडॅप्टर विकतात, तो घेऊ नका, चित्र बिघडतं. कॅननची जुनी एफडी लेन्स तर कॅननच्याच ईएफ बॉडीवर नीट बसत नाही, कारण तिचं अंतर ४२ आहे. नाव तेच म्हणून फसणारे मी पाहिले आहेत. मिररलेस कॅमेऱ्यांचं हे अंतर २० मिमी किंवा त्याहून कमी, म्हणून त्यांवर जवळपास सगळंच बसतं. फक्त मेन्यूत जाऊन लेन्स नसतानाही शटर चालू राहील अशी सेटिंग करावी लागते.

निकॉनवाल्यांना एक खास इशारा. १९७७ च्या आधीच्या लेन्स डी७२००, डी७५० सारख्या बॉडीवर जबरदस्तीनं फिरवू नका, बॉडीच्या कडेची छोटी दांडी मोडते. ओळखायची खूण सोपी आहे. त्यानंतरच्या, म्हणजे एआय लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगवर माउंटच्या बाजूला आकड्यांची दुसरी, बारीक ओळ असते. ती ओळ नसेल तर हात आवरा. डी३५००, डी५६०० वर जुनी लेन्स बसते, पण कॅमेरा उजेड मोजून देत नाही. एम मोडवर ठेवून, फोटो काढून, हिस्टोग्राम बघत जुळवावं लागतं. दोन दिवसांत सवय होते.

आता टॉर्च. मी पहिली वाइड घेतली तेव्हा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली धरून पाहिली, काच चकचकीत दिसली, पैसे मोजले. घरी येऊन रात्री मोबाइलचा टॉर्च मागून मारला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले. बुरशी. सूर्य समोर आला की प्रत्येक फोटोवर धुकं यायचं. लेन्स उघडून साफ केली, पण तंतूंनी काचेवरचा लेप खाल्ला होता. ते चरे आजही तिच्यात आहेत.

म्हणून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, लेन्स डोळ्यासमोर धरा, टॉर्च पलीकडून तिरका मारा आणि लेन्स हळूहळू फिरवा. तंतू दिसले तर खाली ठेवा, कितीही स्वस्त असो. दुधाळ पडदा दिसला तरी ठेवा. कडेला इंद्रधनुष्यासारखा डाग असेल तर चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या आहेत. दोन-चार धुळीचे कण मात्र असू द्या, त्यांनी काही बिघडत नाही. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही चालतो. मागच्या, सेन्सरकडच्या काचेवरचा चालत नाही.

मग अ‍ॅपर्चरची पाती पाहा. ती कोरडी आणि मंद दिसायला हवीत. चमकत असतील तर तेल उतरलं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४७ च्या पुढे जातो. गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवलेल्या लेन्समधलं फोकसचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं आणि ती चिकटून सावकाश हलू लागतात. अ‍ॅपर्चर रिंग मिटवून मागची दांडी बोटानं दाबून सोडा. पाती चटकन हलायला हवीत. फोकस रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. ती लोण्यासारखी फिरली पाहिजे, मध्ये अडखळायला नको, डुगडुगायला तर मुळीच नको. फिल्टरची कडा चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर ती कोणीतरी उघडलेली आहे. वाइड लेन्स उघडलेली असेल तर मी शक्यतो घेत नाही. उदाहरणार्थ निकॉनच्या २४ एफ २.८ मध्ये जवळच्या फोकसला आतल्या काचांमधलं अंतर बदलत जातं. ती जुळणी परत बसवताना जरा चुकली तरी कोपरे बिघडतात.

कोपऱ्यांची खरी परीक्षा भिंतीवर होते, आणि चंद्रपूरकरांकडे गोंड राजांनी बांधलेला अख्खा परकोट आहे. इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून त्याची साफसफाई केली, त्यामुळे दगड उघडे दिसतात. विकणाऱ्याला विनंती करा, की अर्ध्या तासासाठी लेन्स लावून बघू द्या. पठाणपुरा किंवा बिनबा गेटजवळ सपाट, उन्हातला भाग शोधा. भिंतीला अगदी समोरासमोर उभे राहा, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून मधोमध फोकस करा आणि एफ २.८, ५.६, ८ वर एकेक फोटो काढा. २.८ ला चारही कोपरे मऊ असतील, ते साहजिक आहे. ८ ला चारही सारखे झाले पाहिजेत. एकच कोपरा मऊ राहिला तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढा. आता कॅमेऱ्यातच दोन्ही फोटो ताडून पाहा. मऊपणा भिंतीच्या त्याच दगडांवर राहिला तर तुम्ही तिरके उभे होतात. फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष लेन्सचा. ती परत करा.

दूरच्या फोकससाठी औष्णिक वीज केंद्राची धुरांडी आहेतच. रिंग शेवटाला नेली की त्यांची कड चाकूसारखी दिसली पाहिजे. अडॅप्टर जाड असेल तर तिथवर फोकस पोचतच नाही. पातळ असेल तर पलीकडे जातं आणि रिंगवरचे अंतराचे आकडे खोटे ठरतात.

विकत घ्यायला मुंबईच्या बोराबाजारात जाण्याआधी आपल्या गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारा. फिल्म बंद झाली तशा कितीतरी लेन्स कपाटात गेल्या. तिथे लेन्स हातात घेऊन बघता येते, मालकाला तिचा इतिहास माहीत असतो आणि तो तुम्हाला ओळखतो. कुरियरनं मागवायचीच असेल तर टॉर्च मारून काढलेला व्हिडिओ आधी मागा आणि परतीची मुदत लिहून घ्या.

घेतल्यावर तिला चामड्याच्या जुन्या डब्यात, लोखंडी कपाटात ठेवू नका. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा ओलावा तिला एका हंगामात खाईल. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलची पुडी पुरते. दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदला. आणि लेन्स डब्यात आहे म्हणून चार महिने उघडायचं विसरू नका. आठवड्याला बाहेर काढा, दोन-चार फोटो काढा.

आता मघाशी म्हटलेला फोकस रिंगचा उपयोग. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, रंगमंचावरचा उजेड सारखा बदलतो आणि ऑटोफोकस गोंधळतो. रिंग ५ मीटरवर ठेवा, अ‍ॅपर्चर एफ ४. पूर्ण सेन्सरवर २४ ची लेन्स असेल तर साधारण अडीच मीटरपासून पुढे सगळं स्पष्ट येतं. लहान सेन्सरवर २८ ची असेल तर सव्वातीन ते दहा मीटर. समोर बसलं की रंगमंच एवढ्यातच मावतो. मी ५ च्या आकड्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. वाळल्यावर तो बोटाला लागतो, अंधारात पाहावं लागत नाही. मार्कंड्यालाही असंच. तिथे स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून ठरलेल्या अंतरावर हातातच काम भागवायचं.

वाइडला जवळ जावंच लागतं. म्हणून मोह वेचणाऱ्या बायांच्या मागे पहाटे एकटे जंगलात शिरू नका. वाघ त्या वाटेवर असतो. आधी गावात बसा, विचारा, त्यांच्यासोबत निघा. भामरागडकडच्या पाड्यांत गोटुलात, म्हणजे गावाच्या सामुदायिक घरात जायचं तर गावानं हो म्हटल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून काढू नका. नाटकाला गेलात तर पहिल्या अंकाआधी पडद्यामागे जाऊन मंडळाच्या मालकाला नाव सांगा, कुठे बसणार ते सांगा. आणि पुढच्या प्रयोगाला जाताना एक फोटो कागदावर छापून न्या. नटांच्या हाती त्यांचा रंगमंचावरचा फोटो क्वचितच येतो.