नवा ॲम्प नको, दोन तास द्या!

गॅदरिंग संपलं की दुसऱ्या दिवशी मेसमध्ये बँडचं पोस्टमार्टेम सुरू होतं. गायकाला शाबासकी, ड्रमरला चहा आणि गिटारवाल्याला ठरलेलं वाक्य : "भो, तुनी गिटार तं ऐकूच नही उनी!" लगेच दुसरा म्हणतो, "आली ना ऐकू! पण कानात टाचणी टोचावी तशी." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. पहिला मागच्या रांगेत बसलेला असतो, दुसरा ॲम्पच्या नाकासमोर.

यंदा गोष्ट मेसपुरती राहिली नाही. सांस्कृतिक मंडळाच्या बैठकीत दोन सूचना आल्या. एक, जिमखान्याच्या निधीतून मोठा ॲम्प घ्या. दोन, लाइव्ह बँडची कटकटच नको, सगळी गाणी ट्रॅकवर घ्या. माझं स्पष्ट मत आहे की या दोन्ही सूचना एकाच गैरसमजातून जन्मल्या आहेत. तो गैरसमज असा की डिजिटल ॲम्प हे खोलीतलं खेळणं आहे, स्टेजवर त्याचं काम नाही. मित्रांनो, ॲम्प चांगला आहे. त्याचा टोन जिथे आणि ज्या आवाजावर तयार होतो, ती जागा आणि तो आवाज चुकीचा आहे.

गिटारशी ज्यांचं देणं-घेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह असायचे, आजोबांच्या रेडिओत होते तसे. ते जोरात चालवले की आवाज फाटायचा, आणि तो फाटलेला आवाजच लोकांना आवडून गेला. डिजिटल ॲम्प तेच काम गणिताने करतो. सिग्नल आकड्यांत बदलायचा, आत व्हॉल्व्ह, स्पीकरची पेटी आणि पेटीसमोरचा माइक या तिघांची नक्कल करायची आणि आकडे पुन्हा आवाजात बदलून बाहेर सोडायचे. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा 'पॉड' आला, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा लाल डबा. तिथून हा प्रकार घराघरांत पोचला. आज बॉसचा 'कटाना' घ्या की पॉझिटिव्ह ग्रिडचा 'स्पार्क', मूळ कल्पना तीच. दहा-बारा ॲम्प एका डब्यात, आणि रूममेटची झोप न मोडता हेडफोनवर वाजवायची सोय!

आणि घात होतो तो या सोयीनेच. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या दोघांनी माणसाचा कान मोजला. त्यांना आढळलं की आवाज हळू असला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. मधले, विशेषतः ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपासचे, चांगले ऐकू येतात. आवाज वाढला की खर्जाची ही तूट भरून निघते. जुन्या टेपरेकॉर्डर-डेकवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याचसाठी. हळू आवाजात ते खर्ज आणि तारसूर वाढवून द्यायचं.

आता हॉस्टेलच्या खोलीत रात्री अकरा वाजता गिटारवाला काय करतो? बेस आठवर, ट्रेबल आठवर, मिडल दोनवर. गेन पूर्ण, वर रिव्हर्बचा शिडकावा. टोन एकदम कॅसेटमधल्यासारखा! पॅच सेव्ह. तोच पॅच स्टेजवर ड्रमच्या शेजारी मोठ्याने वाजला की वाढवलेला बेस गुरगुरतो, वाढवलेला ट्रेबल टोचतो आणि ज्या मधल्या सुरांत खरं गाणं असतं ते त्याने स्वतःच्या हाताने कापून ठेवलेले असतात. मग ऐकू येणार काय?

दुसरं कारण शेजाऱ्यांचं. खोलीत गिटार एकटी असते, बँडमध्ये पाच जणांत जागा वाटून घ्यायची असते. गिटारची सर्वांत खालची तार साधारण ८२ हर्ट्झची, बेस गिटारची ४१ हर्ट्झची. त्याच मजल्यावर ड्रमची किकही राहते. वरच्या मजल्यावर झांजा. गिटारने खाली भांडायचं नाही, वर भांडायचं नाही, मधे राहायचं. म्हणून लो कट नावाची सोय ॲम्पमध्ये असेल तर ती १०० हर्ट्झच्या आसपास लावावी, वरचे ६-७ किलोहर्ट्झच्या पुढचे सूर कापावेत आणि मिडल वाढवावा. खोलीत हा टोन पत्र्याच्या डब्यासारखा वाटेल. वाटू द्या. तो खोलीसाठी नाहीच.

यावर विश्वास बसत नसेल तर लग्नसराईत एखादी वरात ऐका. आपल्याकडे बेंजो पार्टी वाजते ना, तो बेंजो म्हणजे मुळात बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली ताइशोगोतो नावाचं वाद्य निघालं, त्याचा हा भारतीय भाऊ. खान्देशात तो गाडीवरच्या भोंग्यातून वाजतो. भोंग्यातून खर्ज जवळजवळ येत नाही, वरची चकाकीही येत नाही. येतो तो फक्त मधला आवाज. तरीही ताशा कडकडत असताना तीन गल्ल्या पलीकडे प्रत्येक सूर कळतो! बेंजोवाल्या काकांनी फ्लेचर वाचलेला नाही, पण गर्दीत ऐकू कसं यायचं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त समजतं. हजारोंचा ॲम्प वापरणाऱ्याने त्यांच्याकडे नाक मुरडू नये.

आता 'मोठा ॲम्प घ्या' या सूचनेकडे येऊ. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी निदान वॅटचा हिशेब तरी करावा. ५० वॅटऐवजी १०० वॅट घेतले तर आवाज दुप्पट होत नाही, ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आणि मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. मैदानाशी वॅटने लढायला निघालो तर जिमखान्याचा निधी संपेल, मैदान संपणार नाही.

वॅटला अर्थच नाही असंही नाही. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा नावाजलेला व्हॉल्व्ह ॲम्प ८५ वॅटचा. २०१९ मध्ये त्याच कंपनीने त्याची डिजिटल आवृत्ती काढली, तेव्हा आत २०० वॅटचा पॉवर ॲम्प बसवला. कारण व्हॉल्व्ह मर्यादेपलीकडे गेला तर हळूहळू गोलाई घेतो, ट्रान्झिस्टर एकदम कापतो. म्हणून डिजिटल ॲम्पला वर मोकळी जागा लागते. याचा आपल्यासाठी अर्थ एवढाच की मास्टर व्हॉल्यूम दहावर नेऊ नये. मैदान भरणं हे ॲम्पचं काम नाही, ते साऊंडवाल्याचं काम. ॲम्पच्या मागच्या लाइन आउटमधून वायर मिक्सरला द्यावी आणि ॲम्प स्वतःला नि ड्रमरला ऐकू येईल एवढाच ठेवावा.

इथेच अनेकांची गाडी घसरते. मिक्सरला जाणाऱ्या आवाजात स्पीकरच्या पेटीची नक्कल, म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन, चालू हवं. ते बंद असेल तर डिस्टॉर्शन माशी घोंगावल्यासारखं येतं. याउलट प्रोसेसर दुसऱ्या गिटार ॲम्पला जोडला तर ते बंद हवं. गिटारचा स्पीकर मुळातच ५ किलोहर्ट्झच्या आसपास हात टेकतो, त्यावर पेटीची आणखी नक्कल चढवली की गोधडी पांघरून वाजवल्यासारखं होतं. एका बटणाचा प्रश्न, पण त्याच्यावर 'डिजिटल खराब' असा शिक्का बसतो.

आता टाचणीवाल्या मित्राची तक्रार. ३ किलोहर्ट्झच्या आवाजाची लांबी साधारण साडेअकरा सेंटिमीटर. आपला स्पीकर बारा इंची, म्हणजे ३० सेंटिमीटरचा. लाटेपेक्षा स्पीकर मोठा असला की तो आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. जमिनीवर ठेवलेल्या ॲम्पचा झोत गिटारवाल्याच्या पोटऱ्यांवर पडतो. पोटऱ्यांना कान नसतात! तो वरून मंद आवाज ऐकतो, ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्याचं डोकं उठतं. उपाय फुकट आहे. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा. जो टोन लोकांना जातोय तोच वाजवणाऱ्याला ऐकू आला की हात आपोआप ट्रेबलवरून खाली येतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गेल्या वर्षी धुळ्याला एका कॉलेजच्या स्पर्धेला आम्ही गेलो तेव्हा ॲम्प एसटीत मांडीवर घेऊन बसलो होतो. एरंडोल येईपर्यंत पायांना मुंग्या आल्या. तिथे वाजवायच्या आधी पाऊण तास हॉल मोकळा मिळाला. गेन निम्मा केला, मिडल सातवर नेला, रिव्हर्ब बंद केला (हॉल स्वतःच घुमत होता) आणि ॲम्प खुर्चीवर चढवला. बेसवाला मित्र शेवटच्या रांगेत जाऊन हातवारे करत होता. पाऊण तासात जे साधलं ते खोलीतल्या महिनाभराच्या पॅच बनवण्यात साधलं नव्हतं. ॲम्प तोच, बोटं तीच.

'व्हॉल्व्हचाच ॲम्प घ्या' म्हणणारे सिनिअर्सही आहेत. त्यांच्या कानाचा मी आदर करतो. व्हॉल्व्हची मजा वेगळी, हे खरं. पण तो ट्विन रिव्हर्ब साधारण २९ किलोचा आहे, त्याची डिजिटल आवृत्ती १५ किलोची. एसटीने कोण नेणार? आणि गॅदरिंगच्या आदल्या दिवशी व्हॉल्व्ह गेला तर गोलाणी मार्केटमध्ये मिळेलच याची हमी कोण देणार? शिवाय खोलीतल्या सेटिंगवर वाजवला तर तोही टोचेलच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी दुपारी तोच हॉल, तीच साऊंड सिस्टीम आणि पूर्ण बँड, फक्त दोन तास. आधी ड्रम आणि बेस, मग गायक, मग गिटार. सगळे वाजत असताना पॅच ठरवायचे, एकट्याने नाही. साध्या आणि फाटक्या पॅचचा आवाज एकसारखा करायचा, लीडचा ३-४ डेसिबलने वर ठेवायचा. एकाने मागच्या रांगेत उभं राहायचं. 'स्टेज' नावाने वेगळं सेव्ह करायचं. रिकाम्या हॉलपेक्षा भरलेल्या हॉलमध्ये वरचे सूर थोडे मंद होतात, माणसं आणि कपडे ते पितात, एवढं लक्षात ठेवायचं. आणि हम येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा उद्योग कोणी करू नये. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याचे ओठ माइकला!

दुपारचीच वेळ का? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. अभ्यास करणाऱ्यांचीही झोप प्यारी असते. आणि दोनच तास का? अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल ८ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. तेव्हा दोन तासांतही सलग ठोकायचं नाही, आणि कानात फोमचे बोळे घालायचे. कान काही जिमखान्याच्या निधीतून मिळत नाहीत.

राहिला ट्रॅक. तो स्वस्त आहे, बेसूर होत नाही, वेळेवर संपतो. सगळं मान्य. पण गायिका ओळ विसरली तर ट्रॅक थांबत नाही, बँड थांबतो. टाळ्या वाढल्या तर ट्रॅक एक फेरी जास्त घेत नाही, बँड घेतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, ट्रॅककडून ज्युनिअर काही शिकत नाही. आपल्याकडे माणूस चार वर्षांत पास होऊन जातो. एक वर्ष बँड बंद पडला तर ज्यांना येतं ते निघून जातील, ज्यांना शिकायचंय त्यांनी काही पाहिलेलं नसेल, आणि तिसऱ्या वर्षी ॲम्प स्टोअररूममध्ये धूळ खात पडेल.

सरांना आणि सांस्कृतिक मंडळाला म्हणूनच नम्र विनंती की ॲम्पचे पैसे वाचवा. त्यातून हवं तर दोन चांगल्या केबल आणि कानांचे बोळे घ्या. आणि हॉलची किल्ली आदल्या दिवशी दुपारी २ वाजता द्या, ४ वाजता परत आणून देण्याची जबाबदारी माझी.

– तृतीय वर्ष, ईअँडटीसी